केशरबाईच्या बोटातलं रक्त

केशरबाईच्या बोटातून रक्त निघेना.

देवरावनं शुगर तपासायच्या पेनाचा खटका पुन्हा ओढला, तिच्या मधल्या बोटाच्या टोकावर पेन टेकवलं आणि बटन दाबलं. टक् झालं. केशरबाईनं डोळे गच्च मिटले. पण बोटावर नुसता एक पांढुरका ठिपका उमटला. देवरावनं ते बोट मुळापासून टोकापर्यंत पिळलं, पुन्हा पिळलं, तेव्हा कुठं मोहरीएवढं रक्त वर आलं. ते पट्टीला लावायला जावं, तर बोटाच्या भेगेतच पसरून गेलं. मशीननं एरर दाखवला.

"गेली हेबी पट्टी," तो म्हणाला.

"अजून टोचता?"

"मंग काय करतं? पोरीचा फोन येईन आता."

केशरबाईनं मुकाट्यानं दुसरा हात पुढं केला. तो हातही थंडगार होता. मार्गशीर्षातली सकाळ, त्यात ती आत्ताच नळाचं पाणी भरून, रात्रीची भांडी घासून उठली होती. देवरावनं तो हात आपल्या हातात घेतला, कोणतं बोट अजून बरं आहे ते बघितलं आणि पुन्हा खटका ओढला.

अकोल्यात, जुन्या शहरात त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. देवराव वीज मंडळात लाइनमन होता. रिटायर होऊन त्याला बरीच वर्षं झाली होती. केशरबाईनं उभ्या आयुष्यात भाकरी थापल्या. आधी घरच्यांसाठी, मग विद्यार्थ्यांच्या एका मेससाठी, सकाळ-संध्याकाळ दोन मोठ्या टोपल्या भरून. चिमटा तिनं कधी वापरला नाही. तव्यावरची भाकर बोटांनीच उलटायची, बोटांनीच विस्तवावर ठेवायची. त्यामुळं तिच्या बोटांची टोकं चपलेच्या तळासारखी झाली होती. गरम तवा त्या बोटांना लागत नसे. ही सुई मात्र लागायची. कातडी जाड म्हणून देवराव पेनाचा आकडा वाढवून सुई खोल घालायचा, आणि ती खोल गेली की केशरबाईच्या डोळ्यांतून टचकन पाणी यायचं. पाणी यायचं, पण रक्त यायचं नाही.

भाऊबिजेला दोघं अमरावतीला लेकीकडं गेले असताना केशरबाई तिथं चक्कर येऊन पडली होती. पौर्णिमा ही त्यांची एकुलती एक लेक. ती एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला होती. तिनं आईला त्याच दिवशी डॉक्टरकडं नेलं. शुगर चारशेच्या जवळ निघाली. गोळ्यांनी भागणार नाही, इन्सुलिन घ्यावं लागेल, रोज सकाळी उपाशीपोटी घरीच तपासायचं आणि आकडे मला कळवायचे, त्यावरून मी डोस ठरवीन, असं डॉक्टरांनी सांगितलं. दवाखान्यातल्या एका पोरानं मशीन कसं चालवायचं ते दाखवलं. त्यानं ते पौर्णिमाच्या बोटावर दाखवलं. तिच्या मऊ बोटातून पहिल्याच टोचणीला छान थेंब आला. "सोपं आहे, काका," पोरगं म्हणालं. "फक्त बोट जास्त दाबू नका. दाबून काढलेलं रक्त चुकीचं दाखवतं." बाहेर पेशंटची रांग होती, म्हणून तो लगेच उठून गेला.

पोटात इन्सुलिन टोचायचं काम देवरावला पहिल्या दिवशीच जमलं. ती सुई केसासारखी, पोटाचं कातडं मऊ. केशरबाई म्हणाली, "मुंगीबी नाई चावली." जमलं नाही ते हे बोटाचं. भर पावसात खांबावर चढून तारा जोडताना ज्याचा हात कधी हलला नव्हता, तो माणूस बायकोचं बोट हातात घेतलं की घामाघूम व्हायचा.

आणि रोज सकाळी, ऑफिसला निघायच्या आधी, पौर्णिमाचा फोन यायचा. "बाबा, किती आली?"

तिची भीतीही खोटी नव्हती. तिच्या सासूच्या दोन्ही किडन्या शुगरनं गेल्या होत्या. दोन वर्षं पौर्णिमानं तिचं डायलिसिस केलं होतं, आणि शेवटी ती बाई हातातून गेली ती गेलीच. आईच्या बाबतीत तसं काही होऊ द्यायचं नाही, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. म्हणून आकडा मिळाला नाही की तिचा आवाज चढायचा.

"काल एरर, परवा एरर. बाबा, डॉक्टरले मी काय सांगू? एवढं साधं काम आहे ते."

"रक्तच नाई येत वं तिच्या बोटातून."

"असं कसं नाही येत? माणसाच्या अंगात रक्त नसते का? तुमी नीट टोचतच नसान."

देवराव फोन ठेवायचा आणि वाया गेलेल्या पट्ट्या गोळा करायचा. केशरबाई पदरानं बोटं पुसत बसायची.

त्या मार्गशीर्षातल्या सकाळीही तेच झालं. चौथं बोट टोचून झालं. मशीनवर थेंबाचं चित्र लुकलुकत होतं. पट्टी लावलेली तशीच वाट बघत होती. केशरबाई हुंदके देत होती. लहान पोरीसारखी, आवाज न करता, नुसते खांदे हलवत. तेवढ्यात फोन वाजायला लागला.

"उचलू नोका," ती म्हणाली.

"नाई उचलला तं अजून चिडते ते."

फोन वाजत राहिला. केशरबाईनं नाक पुसलं, नवऱ्याच्या हाताकडं बघितलं आणि म्हणाली, "तुमचंच घ्या न एक थेंब."

"काय?"

"तुमचं बोट टोचा. तिले काय दिसते तिथून? आजच्या दिवस. माह्यात आता जीव नाई राह्यला वो."

देवरावनं तिच्याकडं बघितलं. मग पेन आपल्या करंगळीजवळच्या बोटाला लावलं आणि बटन दाबलं. लाल, गोल, मण्यासारखा थेंब लगेच वर आला. पट्टीनं तो सुर्रकन ओढून घेतला. आकडे उलटे मोजले गेले आणि मशीनवर उमटलं, एकशे बारा.

फोन बंद होऊन पुन्हा वाजायला लागला होता. देवरावनं उचलला.

"एकशे बारा," तो म्हणाला.

पलीकडं पौर्णिमा एकदम हसली. "खरं, बाबा? एकशे बारा? आईले द्या फोन. आई! अवं आई, इन्सुलिन लागू पडलं तुले! मी म्हटलं नव्हतं का?"

केशरबाई फोन कानाला धरून "हाव, हाव" म्हणत राहिली. लेकीचा इतका मोकळा आवाज तिनं दिवाळीपासून ऐकला नव्हता. फोन ठेवल्यावर दोघांनी चहा घेतला. उद्या बोटं जरा बरी झाली की नीट तपासू, असं देवराव म्हणाला. तो ते मनापासून म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं एक बोट टोचून बघितलं. रक्त आलं नाही. केशरबाईनं हात मागं घेतला आणि त्याच्या हाताकडं बोट दाखवलं. तिसऱ्या दिवशी त्यानं तिचं बोट टोचलंच नाही.

मग तो रिवाजच पडला. सकाळी तोंड धुऊन झालं की देवराव खाटेवर बसायचा, आपलं बोट टोचायचा, आकडा सांगायचा आणि मग केशरबाईच्या पोटात तिचं इन्सुलिन द्यायचा. सकाळ पुन्हा सकाळीसारखी वाटायला लागली. केशरबाईच्या बोटांवरचे काळे ठिपके निघून गेले. पौर्णिमा आता फोनवर ओरडत नसे. घरातल्या, ऑफिसातल्या गोष्टी सांगायची. एकदा ती म्हणाली, "बाबा, मी तुमाले लय बोलली मागं. मनावर घेऊ नका. तुमी आईचं किती करता, मले माहीत आहे." देवराव म्हणाला, "ऑफिसले उशीर होईन तुले."

शेजारच्या घरी एकदा पुरणपोळ्या झाल्या. त्यांनी चार आणून दिल्या. केशरबाईनं शिवल्याही नाहीत, देवरावनं मात्र त्या रात्री तीन हाणल्या. सकाळी आकडा आला एकशे अठ्ठेचाळीस. पौर्णिमा फोनवर आईवर तुटून पडली. "तू काल गोड खाल्लं. खोटं बोलू नको. मशीन सांगते न सारं." केशरबाईनं देवरावकडं बघितलं आणि तिला असं हसू फुटलं की फोन हातातून पडता पडता राहिला. "नाई खात वं आता," ती कशीबशी म्हणाली. फोन ठेवल्यावर दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्या दिवसापासून देवरावनं रात्रीचं गोड सोडलं. चहातही साखर कमी केली. आकडा चांगला यायला पाहिजे होता.

आकडे फार चांगले यायला लागले. पंच्याण्णव, एकशे एक, अठ्ठ्याऐंशी. पौर्णिमानं ते डॉक्टरांना कळवले. डॉक्टर म्हणाले, उपाशीपोटी अठ्ठ्याऐंशी म्हणजे एखाद्या दिवशी साखर एकदम उतरून बाई बेशुद्ध पडेल. इन्सुलिन निम्मं करा. पौर्णिमानं फोन करून सांगितलं, "बाबा, आनंदाची बातमी. उद्यापासून निम्मंच द्यायचं."

फोन ठेवल्यावर देवराव केशरबाईजवळ येऊन बसला.

"केशर, आता सांगा लागते तिले," तो म्हणाला.

"काय सांगता? इतले दिवस खोटं सांगतलं म्हनून?"

"डोस कमी केला न त्याहिनं."

"मंग काय झालं? मले तं बरं वाटून राह्यलं." ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "डॉक्टरच्या मनानंच कमी केला न? कमी सुया, तितलं बरं. पोरगी आत्ताशी कुठं हसून बोलते. नोका सांगू."

आणि देवरावनं सांगितलं नाही. तिला बरं वाटतंय हे त्याला ऐकायचंच होतं.

पण तिला बरं वाटत नव्हतं. ती तांब्यावर तांबे पाणी प्यायची. दर थोड्या वेळानं बाथरूमला उठायची. पातळ अंगावर सैल पडायला लागलं. भाकर थापताना मध्येच भिंतीला टेकून बसायची. पाय थंड पडतात म्हणायची, आणि ते खरंच बर्फासारखे असत. देवरावनं मेडिकलमधून गरम पाण्याची रबरी पिशवी आणली. एका दुपारी ती पायाशी घेऊन केशरबाई झोपली. उठली तेव्हा उजव्या पायाच्या अंगठ्यापासून चवड्यापर्यंत मोठा फोड आला होता. तिला काही कळलंच नव्हतं.

"दुखत नाई?" देवरावनं विचारलं.

"नाई न. काईच नाई."

दुखत नाही म्हणजे फार काही नाही, असं दोघांनी धरलं. फोड फुटला. देवरावनं हळद लावली, मग मेडिकलवाल्यानं दिलेलं मलम लावलं. जखम भरेना.

त्या दिवसांत त्यानं एकदा ठरवून तिची शुगर तपासली. पौर्णिमाचा फोन येऊन गेला होता, घाई नव्हती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, "आज कितीबी दुखलं तरी हात हालवू नको." केशरबाईनं दातात पदर धरला. त्यानं सुई खोल घातली आणि बोट सगळ्या ताकदीनं पिळलं. बोट जांभळं पडलं. थेंब आला. मशीननं दाखवलं, चारशे एकतीस.

दोघं त्या आकड्याकडं बघत राहिले.

"लय दाबलं तुमी," केशरबाई म्हणाली.

देवरावला दवाखान्यातल्या पोराचं बोलणं आठवलं. दाबून काढलेलं रक्त चुकीचं दाखवतं. कोणत्या बाजूनं चुकीचं, जास्त की कमी, हे त्या पोरानं सांगितलं नव्हतं आणि देवरावनं विचारलं नव्हतं. त्याला एक आधार पाहिजे होता, तो मिळाला.

"हाव. दाबल्यानंच असं आलं," तो म्हणाला, आणि पट्टी काढून फेकून दिली.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी पौर्णिमा न सांगता अकोल्याला आली. आईसाठी तिनं नवं लुगडं आणि बिनसाखरेचे तिळाचे लाडू आणले होते. दारातून आत पाऊल टाकलं आणि ती थबकली.

"वास कशाचा येऊन राहिला?"

केशरबाई खाटेवर पायावर पांघरूण घेऊन बसली होती. पौर्णिमानं आईच्या गालाला हात लावला. "किती वाळली वं तू! अंग तापलं तुहं." मग तिनं पांघरूण ओढलं.

अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं काळी पडली होती. चवडा सुजून चकाकत होता.

"हे कवापासून आहे?" तिचा आवाज खाली गेला होता. "बाबा, हे कवापासून आहे?"

"भाजलं होतं जराकसं. भरून येईन म्हटलं..."

पौर्णिमा ओरडली नाही. तिनं बाहेर जाऊन गाडी ठरवली. आईला कडेवर घेतल्यासारखं उचलून गाडीत बसवलं. वाटभर ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होती, देवरावला की स्वतःला ते कळत नव्हतं. "शुगर तर कंट्रोलमध्ये आहे. कंट्रोलमध्ये आहे तर भरायला पाहिजे होती जखम."

अमरावतीच्या दवाखान्यात केशरबाईला भरती करून घेतलं. हातातून रक्त काढून लॅबमध्ये पाठवलं. संध्याकाळी डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले. शुगर पाचशे बारा होती. किडनीवरही सूज दिसत होती.

"शक्य नाही," पौर्णिमा म्हणाली. "सर, काल सकाळी त्र्याण्णव होती. लॅबवाल्यांनी दुसऱ्या कोणाचं रक्त तपासलं असेल."

"लॅबमध्ये दोनदा तपासलं, मॅडम."

"मग दोनदा चुकलं. माझे बाबा रोज सकाळी मशीनवर बघतात. एक दिवस चुकवला नाही त्यांनी. लाइनमन होते ते, त्यांचं काम पक्कं असते. तुमी माझ्या बाबांना विचारा."

देवराव खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्यानं लोखंडी दांडी घट्ट धरली.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, कधीकधी मशीनच बिघडलेलं असतं. आणलंय का सोबत? पौर्णिमानं घाईघाईत पिशवीत टाकलेलं मशीन काढून दिलं. डॉक्टरांनी वॉर्डातल्या सिस्टरला बोलावलं. तिचं नाव रुबीना. तिशीतली, बारीक अंगाची, बोलकी.

"आजी, हात दाखवा बरं," रुबीना म्हणाली. "अरे बापरे, किती थंडे हात! असे हात असले तर रक्त कुठून येईल?"

तिनं एका भांड्यात कोमट पाणी आणलं, केशरबाईचे हात साबणानं धुतले आणि थोडा वेळ त्या पाण्यातच ठेवले. कोरडे पुसले. मग हात खाटेच्या खाली लोंबता सोडला आणि मनगटापासून बोटांकडं हलकेच चोळत राहिली. सारा वेळ ती बोलत होती. आजी कुठल्या, नातवंडं किती. तिनं पेन बोटाच्या टोकावर लावलं नाही. नखाच्या बाजूला, कडेला लावलं, जिथं तव्याचा चटका कधी पोचला नव्हता, जिथं कातडी अजून मऊ होती. टक् झालं. केशरबाईनं डोळे मिटले होते, ते तिनं उघडले.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं न, आजी."

रुबीनानं बोट पिळलं नाही. हात तसाच खाली धरून ठेवला. बोटाच्या कडेला आपोआप एक थेंब जमला, फुगला, गोल झाला. तिनं पट्टी नुसती त्याच्या काठाला टेकवली.

देवराव ते सगळं बघत होता. त्याच्या कानात गरम काहीतरी ओतल्यासारखं झालं. इतकंच होतं. कोमट पाणी, लोंबता हात आणि बोटाची कड.

मशीनवर आकडा आला, चारशे अठ्ठ्याण्णव.

"मशीन तर बरोबर आहे, सर," रुबीना म्हणाली.

आता सगळे देवरावकडं बघत होते. पौर्णिमाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला काही समजत नव्हतं, आणि बाबांनी समजावून सांगावं म्हणून ती थांबली होती.

"त्याहिचं रक्त होतं ते," खाटेवरून केशरबाई म्हणाली.

"कोणाचं?"

"तुह्या बाबाचं. माह्या बोटातून येत नव्हतं. म्याच म्हनलं, तुमचं टोचा म्हनून. त्याहिले काई बोलू नको."

पौर्णिमानं आईकडं बघितलं, बापाकडं बघितलं. "रोज?" तिनं विचारलं.

"रोज," देवराव म्हणाला.

डॉक्टरांनी मशीन टेबलावर ठेवलं. ते हळू आवाजात म्हणाले, "मी त्या आकड्यांवर यांचं इन्सुलिन निम्मं केलं." आणि ते बाहेर गेले. रुबीना भांडं उचलून त्यांच्या मागं गेली.

पौर्णिमा खाली फरशीवर बसली. तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "माह्या भीतीनं केलं तुमी हे," ती म्हणाली. "मी ओरडत होती म्हणून."

"नाई वं," केशरबाई म्हणाली. पण पौर्णिमा तशीच बसून राहिली, आणि देवरावला तिच्याजवळ जाऊन बसायचंही धाडस झालं नाही.

आधी पायाची तीन बोटं काढली. डॉक्टर म्हणाले होते, तेवढ्यावर भागेल बहुतेक. भागलं नाही. विष वर चढत होतं. पुढच्या आठवड्यात गुडघ्याखालून पाय काढावा लागला. संमतीच्या कागदावर सही देवरावची घेतली. सही करायच्या आधी त्यानं डॉक्टरांना विचारलं, "माह्या रक्ताचा आकडा नसता सांगतला, तं वाचला असता का पाय?"

"फोड तर आला असता कदाचित," ते म्हणाले. "पण वेळ मिळाला असता."

देवरावनं सही केली.

शुद्धीवर आल्यावर केशरबाई रडली नाही. पांघरुणाचा उजवा भाग जिथं सपाट होता तिकडं तिनं एकदा बघितलं आणि मान फिरवली. पाणी मागितलं. नंतर कित्येक दिवस ती मागितल्यापुरतंच बोलायची. देवराव तिच्या उशाशी बसायचा. रुबीनाकडून तो सगळं शिकला. बोट कोणतं घ्यायचं, रोज बदलायचं कसं, हात किती वेळ खाली ठेवायचा. पहिल्यांदा त्यानं स्वतः थेंब काढला तेव्हा रुबीना म्हणाली, "वा काका, एकदम परफेक्ट." त्यावर तो हमसून रडला. रुबीनाला वाटलं, आनंदानं.

पौर्णिमाचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. केशरबाई म्हणाली, मले माह्या घरी न्या. म्हणून दोघं अकोल्याला परत आले. पौर्णिमानं आईसाठी चाकाची खुर्ची घेऊन दिली, घरकामाला एक बाई लावून दिली. बापाला ती वाकडं बोलली नाही. तिनं बोलावं, शिव्या द्याव्या असं देवरावला फार वाटायचं. ती फक्त कामापुरतं बोलायची, सरकारी माणसाशी बोलावं तसं.

आता सकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो. देवराव आधी पाणी कोमट करून ठेवतो. केशरबाईचे हात धुतो, पुसतो. फोन पाण्याच्या हंड्याला टेकवून ठेवतो.

"थोडा खाली करा," पौर्णिमा म्हणते. "हात दिसत नाही."

तो फोन खाली करतो.

"तोंडबी दिसू द्या आईचं. हां. आता टोचा."

तिला आधी आईचं तोंड, मग खांदा, मग हात आणि मग बोट, असं सगळं एका रेषेत दिसावं लागतं. देवराव तसं दाखवतो. मध्ये आपला हात येऊ नये म्हणून तो एका बाजूला वाकून बसतो. थेंब चांगला येतो. पट्टी तो लगेच ओढून घेते. तो मशीन फोनसमोर धरतो.

"एकशे छत्तीस," पौर्णिमा स्वतः वाचते. "बरं. ठेवते."

पडदा काळा होतो. देवराव बोटावर कापूस दाबून धरतो.

"चांगली आली आज," एका सकाळी तो म्हणाला.

केशरबाई खिडकीकडं बघत होती. तिकडंच बघत तिनं विचारलं, "कोनाची?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. हल्ली तिला बऱ्याच गोष्टी नीट लक्षात राहत नसत.

"तुही," देवराव म्हणाला. "तुहीच वं."

"अच्छा," ती म्हणाली, आणि आपला हात त्याच्या हातातून काढून घेऊन पांघरुणात ठेवला. देवरावनं उठून इन्सुलिन काढलं आणि तिच्या पोटावरचं पातळ बाजूला सारलं.